ताईचं हूं

आमच्या एका चुलत्यांची शिंक अडकली होती. म्हणजे अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत आली, डोळे मिटले, तोंड उघडलं, सगळं घर श्वास रोखून उभं राहिलं, कुणीतरी हातातली बशीसुद्धा बाजूला ठेवली, आणि शिंक परत फिरली. गेली ती गेलीच. बाकी माणूस ठणठणीत. पण तोंड अर्धं उघडं आणि भुवया वर, ते तसंच राहिलं. तशाच चेहऱ्याने त्यांनी नोकरी केली, बढती घेतली, लग्न केलं. लग्नाच्या फोटोत सगळे वऱ्हाडी कॅमेऱ्याकडे सोडून त्यांच्याकडे बघतायत. शेवटी ते शिंक शोधायला घराबाहेर पडले.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सगळ्याच गोष्टी खऱ्या असतात, फक्त त्यातल्या काही घडायच्या राहून गेल्या आहेत.

आणि त्या ऐकणारी खरी एकच, माझी ताई. लहानपणी आम्हा दोघांना एकच खोली होती. दिवा मालवला की मी थाप सुरू करायचो आणि ती पलीकडच्या गादीवरून म्हणायची, "हूं." नियम तिनेच घालून दिलेला. हूं नाही, तर गोष्ट नाही. हूं आलं की पुढचं वाक्य. नाही आलं तर बाई झोपल्या, गोष्ट आहे तिथंच ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायची.

लोकांना वाटतं, गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यात असते. छे! माझ्या डोक्यात एका वेळी एकच वाक्य मावतं. पुढचं काय, ते ताईच्या हूंवरून कळतं. लांबलचक "हूंऽऽ" आलं की समजायचं, थाप पकडली गेलीय, पण आवडलीय, आणखी मोठी मार. तुटक "हूं" म्हणजे पाल्हाळ पुरे. आणि नाकातून वर चढत जाणारं एक हूं होतं, त्याचा अर्थ, "मागच्या वेळी तू हे वेगळं सांगितलं होतंस, गाढवा." त्या हूंला मी अजूनही घाबरतो.

पुढे ताई लेकीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, राहायला गेली, समुद्रापलीकडे. तरी दर रविवारी दुपारी घरच्या फोनवर गोष्ट चालायची. जाडजूड काळा फोन, भिंतीतून आलेली तार, आणि तारेच्या त्या टोकाला ताईचं हूं. चुलते त्याच तारेवरून गावोगाव फिरले. मिरपुडीच्या गोदामात राहून आले, पिसांच्या कारखान्यात उशा भरून आले. काही उपयोग झाला नाही.

मग एक दिवस फोन कंपनीचा माणूस आला आणि तार गुंडाळून घेऊन गेला. म्हणाला, "आता हे बंद, आजोबा. सगळे नेटवरच बोलतात."

"आणि तारेत जे अर्धवट राहिलंय त्याचं काय?" मी विचारलं.

त्याने तारेचं भेंडोळं खांद्याला अडकवलं आणि माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघितलं. तिला त्या नजरेची सवय आहे.

नेमकी त्याच सुमारास ताईच्या घशात गाठ निघाली. भाचीने सगळं नीट सांगितलं. गाठ साधी, जिवाला धोका नाही. पण आवाज ज्या पडद्यांतून निघतो, त्यांनाच चिकटून बसलीय. महिन्याभरात ऑपरेशन. आवाज राहील, बदलेल की जाईल, ते आत गेल्यावरच कळणार.

ताई म्हणाली, "माझं काय व्हायचं ते होईल. त्याआधी त्या माणसाची शिंक काढ बाबा. मला त्याची कीव येते."

"काढतो की," मी म्हणालो. कशी काढणार, ते अर्थातच मला माहीत नव्हतं.

आता नवं युग. सुनेने फोनमध्ये पोपटाच्या चित्राचं अ‍ॅप घालून दिलं. घरात काचेच्या धाग्यातून येणारं नवंकोरं नेट, इतकं वेगवान की आपण विचारायच्या आधीच उत्तर येऊन बसतं. पहिल्या रविवारी ताईचा चेहरा दिसला तो असा स्वच्छ, की तिच्या स्वेटरचा सुटलेला धागा मला इथून ओढावासा वाटला. मी खुशीत येऊन सुरुवात केली. "तर चुलते उतरले एका स्टेशनवर. उतरतात तो काय, फलाटावरचा प्रत्येक माणूस नाक धरून उभा."

थांबलो.

हूं नाही.

ताई माझ्याकडे बघत होती, मी ताईकडे. हूं ओठ मिटून म्हणायची गोष्ट, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. मी वाट पाहिली. मग चाचरत दुसरं वाक्य बोललो. पुन्हा सामसूम. आंधळ्याने जिना उतरावा तसा मी पाय चाचपत चार वाक्यं खाली उतरलो आणि म्हणालो, "आज इतकंच."

वाटलं, घसा दुखत असेल तिचा. विचारू कसं? आमच्या घराण्यात कुणी कुणाला विचारत नाही. प्रत्येकजण मनात घेतो आणि त्यावर पाणी घालत बसतो. पुढचा रविवारही तसाच गेला. मला जेवण जाईना, एका जागी बसवेना. खुर्चीतून उठायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो. बायको म्हणाली, "घरात पेंडुलम होताच, आता दोन झाले."

मग भाचीचा वेगळा फोन आला. आवाज हळू, म्हणजे आईपासून चोरून केलेला.

"मामा, रागावू नका हं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्याल का?"

"कुणाला?"

"तुम्हाला. आई फार काळजीत आहे. म्हणते, एक वाक्य बोलतो आणि अडकतो. पुढचं आठवतच नाही त्याला. स्वतःच्या ऑपरेशनचं सोडून तुमचीच चिंता करतेय. ती बिचारी हूं हूं करत राहते आणि तुम्ही नुसते टकामका बघता."

"ती हूं करते?"

"म्हणजे काय! सगळं घर ऐकतं."

सांगतो, त्या क्षणी मला एकाच वेळी इतकं हलकं आणि इतकं जड वाटलं, की मी खुर्चीवरून उचलला गेलो आणि तिथंच परत आदळलो. हूं होतं. निघत होतं. वाटेत कुठंतरी पडत होतं. आणि हातात दोनच रविवार.

तेव्हापासून मी अ‍ॅपांच्या मागे लागलो. पोपट झाला, छत्रीचं चित्र असलेलं एक आणलं, होडीचं एक आणलं. घरचं नेट एक, माझ्या मोबाइलचं दुसरं, बायकोच्या मोबाइलचं तिसरं, ते वेगळ्या कंपनीचं. कुठलं अ‍ॅप कुठल्या नेटवर, हे ताडून बघायचं म्हणजे पलीकडे हूं म्हणायला कुणीतरी हवं. ताईच्या घशाला उगीच ताण नको.

"तू म्हण," मी बायकोला म्हणालो.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, अहो, तुमच्या एका थापेला मी हूं म्हटलेलं नाही. आता या वयात नादी लावता होय?"

"ताईसाठी."

ती दुसरा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर टेकवून कणीक मळायला लागली. मी पुढच्या खोलीत बसून सुरुवात केली. पोपटावर हूं आलं. होडीवर आलं. छत्रीवर तर असं खणखणीत आलं की शेजारच्यांनाही गोष्ट पुढे सरकल्याचं कळावं. बायकोचं हूं तिच्यासारखंच, "झालं का एकदाचं?" या चालीवरचं. पण हूं ते हूं. मी छत्रीला पहिला नंबर दिला, ताईला निरोप धाडला, आणि त्या रविवारी नवीन शर्ट घालून बसलो.

"तर स्टेशनवरचे लोक नाक धरून उभे का, तर त्या गावात शिंकायला बंदी."

सामसूम. समुद्राच्या तळाशी असते तशी. ताई मात्र काळजीने पुढे वाकून माझ्याकडे बघत होती. "बरा आहेस ना रे?" हे शब्द अगदी कानात बोलल्यासारखे आले. शब्द येत होते, हूं येत नव्हतं.

म्हटलं, नेटमध्येच खोट. वाचनालयात म्हणे सगळ्यांत दणकट नेट, तिथं गेलो. भाचीला सांगून मधल्या वारी ताईला फोन लावला आणि कोपऱ्यात बसून कुजबुजत गोष्ट सुरू केली. "बंदी का, तर गावच्या हवालदाराची टोपी एकदा कुणाच्यातरी शिंकेने उडाली, ती अजून खाली आलेली नाही."

"हूंऽऽ."

आलं! लांबलचक, खुशीतलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी टोपी आणखी वर उडवली. पुन्हा हूं. मी टोपीत पाखराचं घरटं बांधलं, पाखराला पिल्लं झाली. हूं, हूं. जरा घोगरं वाटत होतं, पण घशात गाठ असताना दुसरं काय होणार? मी रंगात आलो तोच ताई पडद्यावरून म्हणाली, "अरे, तो मागे कोण बसलाय?"

वळून बघतो तर वर्तमानपत्रवाले एक गृहस्थ. पेपर खाली, तोंड उघडं. मला म्हणाले, "थांबलात का? पिल्लांचं काय झालं?"

ग्रंथपालबाईंनी आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. ते गृहस्थ फाटकापर्यंत माझ्यामागून पिल्लांची चौकशी करत आले.

तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. हूं भलतीकडून आलं होतं. मग स्वयंपाकघरातलं?

घरी आलो, बायकोच्या हातात फोन दिला. "छत्रीवरच. पण आता बाजारात जा."

ती पिशवी घेऊन गेली. मी खुर्चीत बसून गोष्ट सांगत होतो. तिकडचं भाजीवालीशी चाललेलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. "ही मेथी आहे की मेथीची आजी?" हेसुद्धा ऐकलं. पण हूं एकही नाही. ती परत आली ती दारातूनच तडकत.

"घसा सुकेपर्यंत हूं हूं करत होते! भाजीवाली विचारते, बाई, पोटात दुखतंय का?"

"मला एकही ऐकू आलं नाही."

"अन् त्या दिवशी बरं ऐकू येत होतं?"

आम्ही दोघांनीही एकदमच स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघितलं. पातळ भिंत. मी मिठाचा डबा उघडला तर पलीकडे खारट लागावं इतकी पातळ. त्या दिवशीची सगळी हूं भिंतीतून आली होती. फोनने एकही आणलं नव्हतं. मी भिंतीला पहिला नंबर द्यायच्या ऐवजी छत्रीला दिला होता.

बायको हसायला लागली ती पिशवी टाकून खालीच बसली. मला मात्र हसू येईना. एकच रविवार उरला होता.

भाचीला सगळं सांगितलं. ती कुठंकुठं वाचत बसली आणि मग म्हणाली, "मामा, सापडलं. ही अ‍ॅपं आवाज गाळतात. शब्द बोलला की माणूस. बाकी पंखा, कुत्रं, भांडी, सगळा कचरा म्हणून फेकून देतात. आईचं हूं त्यांना पंख्यासारखं वाटतं."

"तुझ्या आईला कुणी पंखा म्हटलेलं तिच्या कानावर घालू नकोस."

पोपटाच्या पोटात एक बटण निघालं, गाळणं बंद करायचं. बंद केलं. मग हूं आलं, पण मी बोलत असलो की गिळलं जायचं, आणि जे वाचायचं ते रेंगाळत यायचं. पहिल्या वाक्याचं हूं तिसऱ्या वाक्यात. हवालदाराची टोपी हरवली तिथं "चालू दे" अर्थाचं हूं, आणि चुलत्यांना ताप चढला तिथं "वा, मस्त" अर्थाचं. असल्या हूंवर गोष्ट चालवणं म्हणजे काल केलेल्या खाणाखुणांवर आज रस्ता ओलांडणं.

शनिवारी सकाळपासून मी घरभर फिरत होतो. ड्रॉवर उघडायचे, बंद करायचे. काय शोधतोय ते मलाच माहीत नव्हतं. एका ड्रॉवरमध्ये माझा जुना फोन सापडला, कोपरा फुटलेला. चार्जिंगला लावला. त्यात शिंपल्याचं चित्र असलेलं एक अ‍ॅप होतं, कधीकाळी कुणीतरी घातलेलं. आता ते जगात कुणी वापरत नाही. माझ्या त्या अ‍ॅपात एकच माणूस होता, नळवाला. मी त्याला फोन लावला. त्याने उचलला!

"बोला, काय गळतंय?"

त्याच्या मागे नळ सुटलेला ऐकू येत होता, पान्ह्याचा ठणठणाट, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं, कुठंसं बाळ रडत होतं. सगळं सगळं येत होतं. हे अ‍ॅप काही गाळत नव्हतं. गाळायचं असतं हे त्याच्या जन्मावेळी कुणाला सुचलंच नसावं.

"एकदा हूं म्हणा," मी म्हणालो.

"काय?"

"ओठ मिटून. हूं."

जरा वेळ नुसता नळ. मग एक सावध, संशयी हूं. नळाच्या आवाजावर तरंगत, जसंच्या तसं. मी त्या भल्या माणसाचे इतके आभार मानले की तो म्हणाला, "घरी कुणी आहे का तुमच्या? त्यांना द्या फोन."

भाचीला कळवलं. ती म्हणाली, "मामा, हे अजून जिवंत आहे? यात तर चेहरासुद्धा दिसत नाही."

"हूंला चेहरा लागत नाही."

आता कुठल्या नेटवर? घरच्या नेटवर शिंपला उचक्या देत होता. माझ्या मोबाइलच्या नेटवर आवाज विहिरीतून आल्यासारखा. शेवटी बायकोचं सिमकार्ड जुन्या फोनमध्ये घातलं आणि तो हातात धरून, पूजेला निघाल्यासारखा, खोल्याखोल्यांतून फिरलो. जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी जमलं. तिथं आवाज सरळ जात होता आणि सरळ येत होता, मध्ये रेंगाळत नव्हता.

रविवारी दुपारी मी स्टूल टाकून जिन्याच्या वळणावर बसलो. येणारेजाणारे मला ओलांडून जात होते. सोमवारी सकाळी ताईचं ऑपरेशन होतं. फोन लागला तशी आधी तिच्या घरातली किटली ऐकू आली, उकळायच्या बेतात आलेली. मग खालून जाणारी कुठलीतरी गाडी, कबुतरं, भाचीच्या चपला. आणि या सगळ्यामागे जरा शिट्टी वाजवणारा एक श्वास.

"ताई?"

"बोल."

"तर चुलते म्हातारे झाले."

"हूं."

काय सांगू तुम्हाला! घोगरं होतं, कडेला फाटलेलं होतं, पण माझं होतं. आणि लगेच, वाक्य संपतंय तोच. माझ्या डोक्यात पुढचं वाक्य आपोआप येऊन उभं राहिलं.

"म्हातारे झाले आणि त्यांना कळलं, की एका शहराबाहेर एक मोठं कोठार आहे. जगात जे जे अडतं ते तिथं येऊन पडतं."

"हूंऽऽ."

"फडताळांवर बरण्या. एकीत अर्ध्या जांभया. एकीत उचक्या, त्या बरणीला झाकण धड बसत नाही. एकीत जिभेवर आलेली आणि न आठवलेली नावं, ती रात्रंदिवस कुजबुजतात."

"हूं." तुटक. पाल्हाळ पुरे. मी आवरतं घेतलं.

"कोठारवाली बाई म्हणाली, इथं शिंका हजार आहेत, तुमची कुठली ते कसं ओळखणार? चुलते म्हणाले, ती घाबरट होती. लोक बघायला लागले की पळायची."

नाकातून वर चढणारं हूं आलं. मागच्या वेळी तू म्हणाला होतास, शिंक तापट होती म्हणून.

"तापटच होती," मी घाईने म्हणालो. "तापट माणसंच आतून घाबरट असतात." वरच्या मजल्यावरची बाई मला ओलांडता ओलांडता थांबून ऐकायला लागली होती. "मग ती बाई शिडीवर चढली. सगळ्यांत वरून, मागून, धूळ झटकत एक बरणी काढली. चुलत्यांनी दोन्ही हातांनी घेतली. झाकण फिरवलं. नाकाशी नेली. डोळे मिटले. तोंड तर उघडंच होतं."

थांबलो.

हूं नाही.

मी फोन कानावर दाबला. लाइन गेली? नाही, किटली उकळत होती. कबुतरं होती. श्वास होता, शिट्टीसकट, अगदी फोनाशी. काहीही गळलेलं नव्हतं. इतके दिवस ताईचं हूं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. आज ती ते देतच नव्हती. जगातल्या सगळ्यांत भिकार अ‍ॅपवरून, जिन्याच्या वळणावर, मला ताईचं गप्प बसणं स्वच्छ ऐकू आलं.

नियम तिचाच. आणि गोष्ट आहे तिथंच ठेवायची, मग तिथूनच उचलायची, हाही तिचाच.

"मामा?" भाची घाबरून मध्ये पडली. "ऐकू येतंय ना? आई इथंच बसलीय. हसतेय नुसती."

"येतंय गं," मी म्हणालो. "सगळं येतंय."

गोष्टीतली शिडीवरची बाई तशीच राहिली, वरच्या मजल्यावरची बाई मात्र माझ्यावर खेकसली. "अहो, आली का नाही शिंक?"

ऑपरेशन झालं. भाचीचा निरोप आला की गाठ निघाली, पडदे शाबूत आहेत, पण बरेच दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही. हूंसुद्धा नाही. पुढे आवाज कसा निघेल, निघेल की नाही, ते तेव्हाच कळेल.

मी जुना फोन रोज चार्ज करतो. कुणाला हात लावू देत नाही. शिंपला रोज सकाळी विचारतो, नवीन आवृत्ती आली आहे, आवाज आणखी स्वच्छ होईल, घालू का? मी "नंतर" दाबतो. बायको म्हणते, बसा जरा एका जागी. मी बसतो, उठतो, जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन येतो. चुलते तिकडे बरणी नाकाशी धरून उभे आहेत, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून. आणि इथं माझं नाक सारखं हुळहुळतं.